सातव्या ड्रॅक्युलाचा निवाडा

टेम्स नदीच्या काठी, विंडसर आणि मेडनहेड या दोन गावांच्या दरम्यान, ब्रे नावाच्या खेड्यानजीक ‘डाउन प्लेस’ या नावाचे एक जुने निवासस्थान आहे. आणि १९५१ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे हॅमर नावाच्या एका लहानशा इंग्रज चित्रपटसंस्थेने त्या वास्तूत व तिच्या आवारात जो उद्योग चालवला, त्याची माहिती करून घेतल्यावाचून भयपटांच्या इतिहासातील एका जुन्या वादाचा उलगडा होणे कठीण आहे. तो वाद १९७२ साली प्रदर्शित झालेल्या ‘ड्रॅक्युला ए. डी. १९७२’ या चित्रपटाविषयीचा. हॅमरच्या ड्रॅक्युला-मालिकेतील हे सातवे पुष्प. मालिकेच्या निष्ठावंत प्रेक्षकांनी त्याला प्रथम जवळजवळ एकमुखाने दोषी ठरवले, पुढे काही वर्षांनी त्याच निकालाचे पुनरवलोकन केले, आणि आजही त्यांच्यात या बाबतीत दोन तट आहेत. अशा वादांकडे विद्वानांनी फारसे लक्ष दिलेले नाही. परंतु एखाद्या धंद्याची भरभराट आणि त्याचा ऱ्हास यांची खरी कारणे कंपनीच्या जमाखर्चाच्या वह्यांपेक्षा चाहत्यांच्या तक्रारींत अधिक स्पष्टपणे नमूद झालेली असतात, असे माझे मत आहे, आणि हे प्रकरण त्याचा उत्तम दाखला आहे.

ब्रे येथील व्यवस्था एखाद्या सरंजामी वाड्यातील कारखान्यासारखी होती. भव्य चित्रनगरीचा तेथे मागमूस नव्हता. होती ती मोजकी चित्रणगृहे, कसबी सुतार-रंगाऱ्यांचा एक संच, आणि वर्षानुवर्षे एकत्र काम केल्यामुळे एकमेकांच्या मनातले ओळखणारी माणसे. नेपथ्यकार बर्नार्ड रॉबिन्सन एका चित्रपटासाठी उभारलेले दालन दुसऱ्यात नवा जिना, नवे खांब आणि नवा रंग देऊन असे काही फिरवून वापरत असे, की तीच भिंत कधी स्मशानगृहाची तर कधी उमरावाच्या भोजनगृहाची होई. जॅक ॲशर या छायाचित्रकाराचे गडद तांबडे-निळे प्रकाशरंग, जेम्स बर्नार्ड याचे खलनायकाच्या नावाच्या तीन अक्षरांवर बेतलेले त्रिस्वरी संगीतसूत्र, जिमी सँगस्टरची आटोपशीर पटकथा आणि टेरेन्स फिशर याचे संयमी दिग्दर्शन या सर्वांच्या संगमातून १९५८ चा पहिला ‘ड्रॅक्युला’ निर्माण झाला, आणि तोही सुमारे ८१,००० पौंड एवढ्या अल्प खर्चात. त्याच आवारात, टेम्सच्या काठावरच, हॅमरने ठगांच्या कथेवर ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ हा चित्रपटही केला, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असावी म्हणून येथे सांगतो.

या पहिल्या चित्रपटाचा शेवट ज्याने एकदा पाहिला, तो त्याला विसरू शकत नाही. ड्रॅक्युलाच्या भूमिकेतील सहा फूट पाच इंच उंचीचा क्रिस्टोफर ली आणि व्हॅन हेल्सिंगच्या भूमिकेतील कृश, तीक्ष्ण नजरेचा पीटर कुशिंग यांची वाड्याच्या दालनात झटापट होते. कुशिंग लांबलचक मेजावरून धावत जाऊन खिडकीच्या जड पडद्यावर झेप घेतो, पडदा फाटून खाली येतो, सकाळचे ऊन आत शिरते, आणि दोन मेणबत्तीदाने आडवीउभी धरून केलेल्या क्रूसाने तो त्या पिशाच्चाला उजेडाकडे रेटत नेतो. ही धाव आणि ही मेणबत्तीदाने या दोन्ही कल्पना खुद्द कुशिंगच्या. नटाने सुचवावे आणि दिग्दर्शकाने ते तत्काळ मान्य करावे, ही मोकळीक त्या लहान कारखान्यातच शक्य होती.

ज्या प्रेक्षकवर्गाने पुढे न्यायाधीशाचे आसन घेतले, त्याची जडणघडण कशी झाली, हेही पाहिले पाहिजे. इंग्लंडच्या सेन्सॉर मंडळाने १९५१ मध्ये ‘एक्स’ हा दाखला सुरू केला आणि त्या दाखल्याचे चित्रपट सोळा वर्षांखालील मुलांना वर्ज्य ठरवले. १९७० मध्ये ही मर्यादा अठरा वर्षांवर नेण्यात आली. परिणामी एक संपूर्ण पिढी हॅमरच्या चित्रपटांची भित्तिपत्रके पाहत, वडील भावंडांकडून कथा ऐकत, आणि वय पुरे होण्याची वाट पाहत वाढली. प्रतिष्ठित समीक्षकांना या चित्रपटांची शिसारी येत होती. १९६८ साली हॅमरला उद्योगक्षेत्रातील कामगिरीबद्दल राणीचे पारितोषिक मिळाले, ते परदेशांतून आणलेल्या द्रव्यासाठी. कलेचा त्याच्याशी संबंध नव्हता. तेव्हा या कृतींचे गुणदोष बारकाईने पाहणारे, कोणते दालन कोणत्या चित्रपटातून आले हे ओळखणारे आणि त्याची नोंद ठेवणारे कोणी असेल, तर ते हे चाहतेच होते. त्यांची हौशी नियतकालिके निघत, मंडळे भरत, पत्रव्यवहार चाले; १९७२ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातून ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ हे मुख्यतः हॅमरला वाहिलेले नियतकालिक सुरू झाले, आणि १९७६ मध्ये इंग्लंडात ‘द हाउस ऑफ हॅमर’ हे मासिक निघाले.

या मंडळींचा असंतोष १९७२ पूर्वीच सुरू झाला होता, आणि तो सकारण होता. १९६० च्या दुसऱ्या चित्रपटात ड्रॅक्युला नव्हताच. १९६६ च्या तिसऱ्यात ली परत आला, पण त्याच्या मुखी एकही वाक्य नव्हते. संवाद इतके निकृष्ट होते की आपण ते उच्चारण्याचे नाकारले, असे लीचे म्हणणे. मुळात संवाद लिहिलेच नव्हते, असे सँगस्टरचे. १९७० मध्ये एकाच वर्षी दोन भाग निघाले. त्यांपैकी पहिल्यात ड्रॅक्युलाचा अंत लंडनमधील एका पडक्या चर्चमध्ये होतो, तर दुसऱ्याच्या आरंभी त्याची राख दूरच्या त्याच्या गढीत पडलेली असते आणि एक वटवाघूळ तीवर रक्त ओकून त्याला उठवते. ही राख तेथे पोहोचली कशी, याचा खुलासा कोणीच करत नाही. चाहत्यांनी तो मागितला, यात त्यांचे काय चुकले?

अशा स्थितीत वॉर्नर ब्रदर्सच्या पैशावर, आणि समकालीन अमेरिकेत पिशाच्च वावरवणाऱ्या ‘काउंट योर्गा, व्हँपायर’ या चित्रपटाचे यश डोळ्यांपुढे ठेवून, ड्रॅक्युलाला चालू काळात आणण्याचा बेत ठरला. दिग्दर्शन ॲलन गिब्सनकडे, लेखन डॉन हाउटनकडे सोपवले गेले. आरंभ अतिशय देखणा आहे: १८७२ साल, हाइड पार्कमधून बेफाम दौडणारी घोडागाडी, टपावर ली आणि कुशिंग यांची झुंज, गाडी उलटणे, आणि मोडक्या चाकाचा आरा छातीत घुसून ड्रॅक्युलाचा अंत. व्हॅन हेल्सिंगही प्राण सोडतो. त्याच्या दफनाच्या वेळी ड्रॅक्युलाचा एक अनुयायी शेजारीच आपल्या धन्याची राख पुरतो; कॅमेरा आकाशाकडे वळतो, आणि तेथून घरघरत जाणारे जेट विमान आपल्याला शंभर वर्षे पुढे, चेल्सीतील तरुणांच्या लंडनमध्ये, आणून सोडते. १९५८ नंतर तब्बल चौदा वर्षांनी ली आणि कुशिंग ड्रॅक्युला व व्हॅन हेल्सिंग म्हणून परस्परांसमोर उभे राहिले होते. अपेक्षा केवढी असेल, याची कल्पना करावी.

अपेक्षाभंगाची फिर्याद चाहत्यांनी कलमवार मांडली. पहिल्या चित्रपटातील हार्कर या पात्राची रोजनिशी १८८५ ची आहे. मग त्याच्या तेरा वर्षे आधी, १८७२ मध्ये, व्हॅन हेल्सिंग आणि ड्रॅक्युला दोघेही मेले कसे? चेल्सीतील तरुणांची भाषा त्या तरुणांनी कधी ऐकलेली नसावी, अशी कृत्रिम होती. जॉनी ॲल्युकार्ड या तरुणाचे आडनाव ड्रॅक्युलाचे उलटे रूप आहे हे प्रेक्षागृहातील पोरासोरांच्या क्षणात ध्यानी येते, पण पिशाच्चविद्येत आयुष्य घालवलेला, पहिल्या व्हॅन हेल्सिंगचा विद्वान वंशज कागदावर दोन्ही नावे लिहून अक्षराअक्षराला रेघांनी जोडत बसतो. आणि सर्वांत मोठे गाऱ्हाणे हे, की एवढा खटाटोप करून आधुनिक लंडनमध्ये आणलेला ड्रॅक्युला त्या लंडनमध्ये पाऊलच टाकत नाही. एका ओसाड चर्चमध्ये तो उभा असतो आणि बळी त्याच्याकडे आणले जातात. खुद्द ली या तक्रारींत सामील होता. कादंबरीशी इमान राखा, असा त्याचा वर्षानुवर्षांचा आग्रह. आपल्या चाहत्यांच्या मंडळाला लिहिताना तो या भागांविषयीची नाराजी उघडपणे व्यक्त करी.

मला वाटते, शेवटचे गाऱ्हाणे हे या खटल्याचे मर्म आहे. ड्रॅक्युला आधुनिक काळात शोभत नाही, असे पुष्कळांनी त्या वेळी म्हटले. परंतु ब्रॅम स्टोकरची १८९७ ची कादंबरी त्या काळाच्या वाचकासाठी संपूर्णपणे आधुनिक होती. तीत टंकलेखनयंत्र आहे, ध्वनिमुद्रक यंत्र आहे, तारा आहेत, रेल्वेची वेळापत्रके आहेत. आणि तिच्यातील ड्रॅक्युला पिकॅडिलीच्या गजबजाटात भर दिवसा उभा राहून एका तरुणीकडे टक लावून पाहतो. म्हणजे हॅमरचा अपराध आधुनिकतेचा नव्हता. नव्या काळात जाण्याची प्रतिज्ञा करून नंतर चर्चच्या दाराशी थबकण्याचा होता. याचा पुरावा लगेचच पुढच्या भागात मिळाला: १९७४ मध्ये लंडनला प्रदर्शित झालेल्या ‘द सॅटॅनिक राइट्स ऑफ ड्रॅक्युला’मध्ये त्याच चर्चच्या जागेवर उभ्या राहिलेल्या कचेरीच्या मनोऱ्यात ड्रॅक्युला धनाढ्य मालमत्ताधारक होऊन बसला, जगभर प्लेग पसरवण्याची योजना आखू लागला, आणि शेवटी काटेरी झुडपात अडकून मेला. चाहत्यांना जे हवे होते ते मिळाले, तरी त्यांचे समाधान झाले नाही.

का झाले नाही, याचे उत्तर पुन्हा ब्रेकडे नेते. १९६६ मध्ये हॅमरने ती जागा सोडली. ॲशर त्याआधीच दूर झाला होता. रॉबिन्सन १९७० मध्ये निवर्तला; निर्माता अँथनी हाइंड्स त्याच वर्षी संस्थेतून बाहेर पडला. १९७२ चा चित्रपट एल्स्ट्रीच्या मोठ्या चित्रणगृहांत झाला. फिशर नव्हता, आणि जेम्स बर्नार्डच्या जागी माइक व्हिकर्सचे ताल ऐकू येत होते. ज्यांच्या हातांनी ही मालिका उभी केली ते हातच राहिले नव्हते. चाहत्यांना वाटणारा अभाव पात्राच्या वयाचा किंवा काळाच्या बदलाचा नव्हता, तो या कसबाचा होता. आणि सालांच्या विसंगतीपासून संगीतापर्यंत त्यांनी दाखवलेली प्रत्येक खोट त्याच एका तुटीकडे बोट दाखवते. योगायोग असा, की त्याच १९७२ साली आपल्याकडे रामसे कुटुंबाने ‘दो गज जमीन के नीचे’ हा चित्रपट महाबळेश्वरच्या परिसरात, भावाभावांत कामे वाटून घेऊन तयार केला. इंग्लंडात जे लयाला गेले होते, ते घरगुती भयपटाचे शिल्प येथे नुकते अंकुरत होते.

निकालाचे पुनरवलोकन मात्र पुढच्या पिढीने केले. १९७५ पासून बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीने उन्हाळ्यातील शनिवारी रात्री उशिरा एकामागून एक दोन भयपट दाखवण्याचा क्रम सुरू केला, आणि ‘एक्स’ दाखल्यामुळे ज्यांना चित्रपटगृहाच्या दारातून परत फिरावे लागले असते, अशी मुले घरच्या दिवाणखान्यात ही मालिका पाहू लागली. त्यांच्या मनात १९५८ ची तुलना नव्हती. शिवाय १९७२ चे चेल्सी आता स्वतःच इतिहासजमा झाले होते आणि त्या तरुणांचे पोशाख, ती गाणी, ते कॉफीगृह यांना गतकाळाची गोडी आली होती. टिम बर्टन या अमेरिकन दिग्दर्शकाने तर आपल्या अत्यंत आवडत्या चित्रपटांत याची गणना केली आहे.

हे प्रेम मला अवाजवी वाटत नाही, पण त्याचे कारण मी पोशाखांत शोधणार नाही. कारण पीटर कुशिंग आहे. जानेवारी १९७१ मध्ये त्याची पत्नी हेलन वारली आणि त्या दुःखाने तो इतका खंगला, की कथेतील तरुण जेसिकाचा पिता म्हणून योजलेले त्याचे पात्र बदलून आजोबा करावे लागले. पडद्यावर दिसतो तो हा माणूस: गालफडे बसलेली, आवाज खोल गेलेला, तरीही प्रत्येक वाक्याला वजन देणारा. नातीच्या जिवासाठी तो त्या स्मशानभूमीत ड्रॅक्युलाला सामोरा जातो, तेव्हा बाकीच्या चित्रपटातील उणिवा क्षणभर दृष्टीआड होतात. माझ्या मते चाहत्यांचा पहिला निकाल न्याय्य होता, आणि दुसरा निकाल त्याला रद्द करत नाही; या एका नटापुरती त्यात सूट देतो.

या चाहत्यांच्या चिकाटीचा आणखी एक दाखला देऊन हे प्रकरण पुरे करतो. पहिल्या ‘ड्रॅक्युला’च्या शेवटात इंग्रज सेन्सॉरने कापलेला भाग जपानमधील प्रतीत शाबूत असला पाहिजे, असे जुने चाहते दशकानुदशके सांगत आले होते, आणि त्यांचे म्हणणे ऐकिवातली गोष्ट म्हणून बाजूला सारले जाई. २०११ मध्ये जपानात राहणाऱ्या एका चाहत्याच्या पाठपुराव्यामुळे टोकियोच्या राष्ट्रीय चित्रपटसंग्रहात जुन्या प्रतीची शेवटची रिळे तपासली गेली. पहिली रिळे आगीत नष्ट झाली होती, पण नेमकी हवी ती वाचली होती. उन्हात होरपळताना ड्रॅक्युला स्वतःच्या चेहऱ्याची कातडी बोटांनी ओरबाडतो, तो भाग त्यांत होता. २०१३ मध्ये इंग्लंडात विक्रीस आलेल्या आवृत्तीत तो समाविष्ट केला आहे. वाचकांनी ती आवृत्ती प्रथम पाहावी आणि मगच १९७२ च्या चित्रपटाकडे वळावे.