फुग्यातून टिपलेले शहर

आकाशातून छायाचित्र प्रथम घेतले गेले ते विमानातून नव्हे, फुग्यातून. १८५८ साली फ्रान्समध्ये नादार हे छायाचित्रकार कॅमेरा घेऊन वर गेले. त्या काळी काचेला लावलेले रसायन ओले असतानाच चित्र घेऊन काच धुवावी लागे. म्हणून अंधारी खोलीही त्यांनी पाळण्यातच थाटली. तरी काचा काळ्याच निघत! रसायनांना दोष द्यावा, तर जमिनीवर तीच बिनचूक काम देत. अखेर उलगडा झाला : फुग्याच्या तोंडातून सुटणारा वायू त्यांना नासवीत होता. तोंड बंद ठेवताच चित्र उमटले. ते मात्र आज उपलब्ध नाही. १८६० मध्ये जेम्स ब्लॅक यांनी अमेरिकेतील बोस्टन शहरावरून आठ काचा वापरल्या. चांगली निघाली एकच. आज पाहावयास मिळणारे सर्वांत जुने हवाई छायाचित्र तेच.