वल्हांडणाची रात्र



नागपूरच्या ईशान्येस सुमारें दहा मैलांवर, कन्हान नदीच्या कांठीं, कामठी हें गांव आहे. १८२१ सालीं इंग्रजांनीं तेथें छावणी घातली आणि मद्रासेकडील फौजेच्या पलटणी आणून ठेविल्या. पलटण म्हटली कीं नुसते शिपाई येत नाहींत. त्यांचीं बायकामुलें येतात, नोकरचाकर येतात, आणि त्यांचे देवधर्मही येतात. तमिळ आणि तेलुगु बोलणारा हा समाज मराठी मुलुखांत अगदीं परका. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेंही होतीं. पुढें १८४५ च्या फेब्रुवारींत स्टीफन हिस्लॉप हा तरुण स्कॉच मिशनरी नागपुरास पोंचला. ज्याच्या नांवाचें कॉलेज आपणां सर्वांस ठाऊक आहे तोच हा गृहस्थ. लोकांशीं मराठींत बोलावयाचें म्हणून तो आला होता. कामठीच्या छावणीकरितां मात्र त्याच्या मिशनला तमिळची सोय पाहावी लागली.

ईस्टरच्या आधींच्या गुरुवारीं सायंकाळीं अशा ख्रिस्ती मंडळ्या एकत्र जमतात, भाकर मोडतात आणि द्राक्षारसाचा प्याला घेतात. येशूनें आपल्या शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची ही आठवण. पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणें पाहिलें तर तें जेवण मुळांत यहुदी लोकांच्या सणाचें होतें. मराठी बायबलांत त्या सणास 'वल्हांडण' असें नांव आहे. वल्हांडणें म्हणजे ओलांडून जाणें. उंबरठा ओलांडण्याची कल्पना आपल्या घरांत इतकी रुळलेली आहे कीं, या शब्दास टीपेची गरज पडूं नये. मिसर देशांत दास होऊन राहिलेल्या इस्राएलांनीं कोंकरूं मारून त्याचें रक्त दाराच्या चौकटीस लाविलें. त्या रात्रीं मृत्यु तीं घरें ओलांडून गेला, आणि पहांटेपूर्वीं हे लोक पीठ आंबण्याइतकाही वेळ न थांबतां बाहेर पडले. म्हणून त्या सणांत भाकर बेखमीर. कथा एवढीच. परंतु तिच्यासंबंधीं यहुदी आचार्यांनीं घालून दिलेला एक नियम फार विचार करण्याजोगा आहे: प्रत्येक पिढींतील प्रत्येकानें असें समजावें कीं, मिसरांतून आपण स्वतःच बाहेर पडलों. पूर्वज सुटले असें म्हणून भागत नाहीं.

हा सण मराठी भाषेस परका नाहीं. कुलाब्याच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारीं काम बंद ठेवणारे बेने इस्राएल लोक, ज्यांस शेजारी 'शनवार तेली' म्हणत, हिब्रू भाषा आणि ग्रंथ विसरून गेले होते. सण मात्र विसरले नाहींत. घरांत वर्षभर चालू असलेलें आंबट पदार्थाचें भांडें या दिवसांत ते झांकून ठेवीत, आणि भांडें झांकण्याचा सण अशा अर्थाच्या मराठी नांवानेंच त्यास ओळखीत. मिसरची हकीकत सांगणारी पोथी हातीं नव्हती, पण भांडें दरसाल झांकलें जाई. मला तर हें सगळ्या पांडित्याहून मोठें वाटतें. पुढें कोचीनचे यहुदी भेटले. मुंबईस जॉन विल्सन या मिशनऱ्यानें १८३२ सालीं मराठींत हिब्रूचें व्याकरण छापिलें. आणि १८४६ सालीं वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची हग्गादा ही पोथी मराठी भाषांतरासह मुंबईंत निघाली. १८७४ च्या पुणें येथील आवृत्तींत तर चित्रेंही आहेत, आणि बेखमीर भाकरी करणाऱ्या त्यांतील बायका लुगडें नेसलेल्या आहेत!

ख्रिस्ती लोकांनीं या रात्रीचा अर्थ पालटला, पण सांगाडा तोच ठेविला. कोंकरूं म्हणजे ख्रिस्त; मिसर म्हणजे पापाचें दास्य; आणि सुटका एका राष्ट्राची नव्हे, तर जो विश्वास ठेवील त्याची. दुसऱ्या शतकांत आशिया मायनरमधील ख्रिस्ती आपला सण यहुद्यांच्याच तिथीस पाळीत. रोमचे लोक रविवार धरीत. हा वाद ३२५ सालच्या नायसीयाच्या परिषदेपर्यंत चालला. तिथीचा तो घोळ येथें फार सांगत बसत नाहीं. खरी गोष्ट निराळीच आहे.

शेवटच्या भोजनाचा सर्वांत जुना लेखी वृत्तांत शुभवर्तमानांत नाहीं, तर इ. स. ५५ च्या सुमारास पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत आहे. आणि तो तेथें कां आला? तर एका भांडणामुळें. करिंथकर प्रभूचें भोजन म्हणून जमत. सधन लोक आधीं खाऊन पिऊन घेत, आणि गरीब उपाशी राहत. पौल रागावला, आणि ती रात्र कशी होती याची त्यांस आठवण करून दिली. पंगतींत भेद झाला नसता तर हा वृत्तांत या रूपांत आपल्यापर्यंत कदाचित् आलाही नसता. आपल्या सुटकेचें स्मरण करणारे लोक त्याच ताटावर दुसऱ्यास दास करितात, हें दुखणें इतकें जुनें आहे.

आतां पुन्हां कामठीकडे वळूं. तिच्या पलटणी ज्या मद्रास इलाख्यांतून येत, तेथील मंडळ्यांत हाच प्रश्न जातीच्या रूपानें उभा होता. तंजावर आणि त्रिचनापल्ली येथील ख्रिस्ती देवळांत उच्च जातींचे लोक वेगळे बसत, आणि प्रभुभोजनाचा प्यालाही आधीं घेत. १८३३ सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं (मुंबईचे विल्सन ते निराळे) हा भेद तात्काळ आणि कायमचा सोडावा असें पत्र दक्षिणेंत धाडिलें. परिणाम काय झाला? पुष्कळ कुटुंबें मंडळी सोडून गेलीं. त्यांना ख्रिस्त सोडावयाचा नव्हता. त्यांना प्याल्याची पाळी सोडावयाची नव्हती. बिशपसाहेबांची भाषा कठोर होती, आणि सातासमुद्रांपलीकडून आलेल्या राज्यकर्त्यांच्या धर्मगुरूनें आपणांस समता शिकवावी याचा सल त्या लोकांस वाटला असल्यास नवल नाहीं. गोरे आणि काळे यांच्या पंगतींविषयीं त्यांनाही दोन शब्द विचारतां आले असते. तरी पण पौलाचें पत्र ज्यानें वाचलें आहे त्यानें या बाबतींत कौल कोणाच्या बाजूनें द्यावा, याविषयीं मला संशय नाहीं. मोशेच्या नियमशास्त्रांत परक्यास छळूं नये याचें कारण दिलें आहे तें दयेचें नाहीं, स्मरणाचें आहे: तुम्हीही मिसरांत परकेच होतां.

मद्रासची ती स्वतंत्र फौज १८९५ सालीं संपली. कामठीची छावणी आहे. आज तेथें गार्ड्स ब्रिगेडचें केंद्र आहे. यहुदी घरांत त्या रात्रीं सर्वांत लहान मुलानें बापास प्रश्न विचारावयाचा असतो, कीं आजची रात्र निराळी कां. आणि बापानें उत्तराचा आरंभ आपल्या मोठेपणापासून नव्हे, तर आपण दास होतों येथपासून करावयाचा असतो.