ठळक छापलेला आकडा

आईचा रक्ताचा रिपोर्ट आला. वीस चाचण्या, त्यांत एकच आकडा ठळक छापलेला. मर्यादेच्या जेमतेम बाहेर. त्या रात्री आईचा डोळ्याला डोळा लागला नाही. मी इंजिनिअर. ही मर्यादा आखली कोणी, हे शोधत बसलो.

पूर्वी रिपोर्टवर ‘नॉर्मल’ मूल्ये छापत. या शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘नॉर्मा’, म्हणजे सुताराचा गुण्या. गुण्याला लागत नाही ते वाकडे! पण माणसाचे रक्त म्हणजे फळी नव्हे. १९६९ साली फिनलंडच्या राल्फ ग्रेसबेक आणि निल्स-एरिक सारिस यांनी ‘नॉर्मल’ऐवजी ‘रेफरन्स’ मूल्यांची, म्हणजे तुलनेसाठीच्या मूल्यांची, कल्पना मांडली. नॉर्मल कोण, हा निवाडा नको. तुलना कोणत्या लोकांशी केली ते सांगा.

ही मर्यादा बहुधा निरोगी लोकांतल्या मधल्या ९५ टक्क्यांची असते. उरलेले ५ टक्के निरोगी असूनही बाहेर! वीस चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर निरोगी माणसाचाही किमान एक आकडा बाहेर पडण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. साखर, कोलेस्टेरॉल यांच्या मर्यादा मात्र धोका पाहून ठरवतात. तिथे हा हिशेब लागू नाही.

आईला हे सगळे समजावले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, “पण माझा आकडा त्यातलाच, हे कशावरून?”

याचे उत्तर माझ्या गणितात नव्हते. सकाळी आम्ही दोघे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो.