पित्ताशयशोथ, तीव्र : रक्तपरीक्षांचा इतिहास

पित्ताशयाला एकाएकी येणाऱ्या दाहयुक्त सुजेला ‘तीव्र पित्ताशयशोथ’ म्हणतात. सु. ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत पित्ताशयनलिकेत (पित्ताशय व सामान्य पित्तनलिका यांना जोडणाऱ्या नळीत) अश्मरी म्हणजे खडा अडकून पित्त कोंडले जाणे, हे या विकाराचे कारण असते. पोटाच्या वरच्या उजव्या भागात सतत वेदना, मळमळ, वांती व ताप ही त्याची प्रमुख लक्षणे होत. तथापि जठरव्रणाचे छिद्रण, अग्निपिंडशोथ, उजव्या फुप्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया, इतकेच नव्हे तर हृद्‌रोगाचा झटका यांतही अशीच वेदना होऊ शकते. निदानास विलंब झाल्यास पित्ताशयाच्या भित्तीचा कोथ (रक्तपुरवठ्याअभावी होणारा ऊतकनाश) होऊन ती फुटण्याचा संभव असतो. म्हणून तातडीच्या उपचारकक्षात थोड्या वेळात निर्णय घेण्यास रक्तपरीक्षा कितपत उपयोगी पडतात, हा प्रश्न शंभरांहून अधिक वर्षे वैद्यकापुढे आहे.

प्रारंभीचा काळ : पित्ताशय संपूर्णपणे काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया जर्मन शस्त्रक्रियाविशारद कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ रोजी बर्लिन येथे केली. त्या वेळी निदान सर्वस्वी रोगेतिहास व हाताने केलेली तपासणी यांवर अवलंबून होते. अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद जॉन बेंजामिन मर्फी यांनी १९०३ मध्ये वर्णिलेली खूण आजही वापरली जाते. उजव्या बरगडीखाली बोटांनी दाब देऊन रुग्णास दीर्घ श्वास घेण्यास सांगितले असता, दाहयुक्त पित्ताशय बोटांना टेकताच वेदनेमुळे त्याचा श्वास मध्येच अडतो.

याच सुमारास रक्तपरीक्षा रुग्णालयांत रुजू लागली होती. कार्ल फीरोर्ट यांनी १८५२ मध्ये रक्तकोशिका मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती, तर पाउल एर्लिख यांनी १८७९ च्या सुमारास ॲनिलीन रंजकांच्या साहाय्याने श्वेत कोशिकांचे प्रकार वेगळे ओळखून दाखविले. दाह झाला असता श्वेत कोशिकांची, विशेषतः उदासीनरंजी कोशिकांची, संख्या वाढते, असे दिसून आल्यावर ही मोजणी पोटाच्या तीव्र विकारांत प्रघाताची झाली. तिला सूक्ष्मदर्शक व आखीव काच एवढीच सामग्री लागत असल्यामुळे ती रात्री-अपरात्रीही करता येई. प्रौढ व्यक्तीत दर घ. मिमी. रक्तात सु. ४,००० ते ११,००० श्वेत कोशिका असतात. हा आकडा वाढल्यास शरीरात कोठेतरी दाह आहे एवढेच कळते, त्याचे स्थान समजत नाही.

यकृत व पित्तमार्गविषयक परीक्षा : डच वैद्य हाइमन्स व्हान डेन बर्ग यांनी एर्लिख यांच्या विक्रियेच्या आधारे रक्तरसातील बिलिरुबीन या पित्तरंजकद्रव्याचे मापन सुरू केले व १९१६ मध्ये त्याच्या ‘प्रत्यक्ष’ आणि ‘अप्रत्यक्ष’ विक्रिया वेगळ्या दाखविल्या. अल्कलाइन फॉस्फेटेज या एंझाइमाचे (जीवरासायनिक विक्रियेला मदत करणाऱ्या प्रथिनाचे) मापन १९३० नंतरच्या दशकात आणि ट्रान्सॲमिनेज एंझाइमांचे १९५४-५५ मध्ये प्रचारात आले. केवळ पित्ताशयनलिका बंद झाली असता यकृतातून आतड्याकडे जाणारा पित्ताचा मार्ग मोकळाच राहतो. त्यामुळे निव्वळ पित्ताशयशोथात ही मूल्ये अनेकदा प्राकृत किंवा थोडीशीच वाढलेली असतात. ती बरीच वाढल्यास सामान्य पित्तनलिकेतही खडा असल्याचा संशय घ्यावा लागतो. म्हणजे या परीक्षा पित्ताशयशोथ सिद्ध करीत नाहीत, पण त्यात भर पडलेली गुंतागुंत दर्शवितात. रॉबर्ट एल्मन व सहकाऱ्यांनी १९२९ मध्ये अग्निपिंडशोथासाठी रूढ केलेल्या रक्तातील ॲमिलेजाच्या मापनाचे कार्यही असेच, शेजारचा विकार वेगळा काढण्याचे आहे.

रक्तक्लथनाची परीक्षा शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. पित्तमार्ग बंद होऊन कावीळ झालेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर अनावर रक्तस्राव होई. पित्ताअभावी आतड्यातून के जीवनसत्त्वाचे शोषण होत नाही, हे त्याचे कारण होते. आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये प्रोथ्राँबिन कालाची परीक्षा मांडली आणि त्याच वर्षी हेन्‍रिक डाम यांनी या जीवनसत्त्वाला ते नाव दिले. १९३८ पासून पित्तासह हे जीवनसत्त्व देण्यात येऊ लागल्यावर हा धोका पुष्कळच कमी झाला.

सी-विक्रियाशील प्रथिन : विल्यम टिलेट व टॉमस फ्रान्सिस यांना १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तरसात हे प्रथिन आढळले. दाह सुरू झाल्यावर यकृत ते तयार करते. काही तासांनी रक्तातील त्याचे प्रमाण वाढू लागते व सु. दोन दिवसांत ते कमाल पातळीस पोहोचते. त्यामुळे दुखणे सुरू होताच घेतलेल्या नमुन्यात ते प्राकृत असू शकते.

परीक्षांच्या मर्यादा : अमेरिकेत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कोथ न झालेल्या तीव्र पित्ताशयशोथाच्या बहुसंख्य रुग्णांना ताप नव्हता आणि सु. एक-तृतीयांश रुग्णांच्या श्वेत कोशिका वाढलेल्या नव्हत्या. कोथ झालेल्या काही रुग्णांतही या दोन्ही खुणा अनुपस्थित होत्या. वृद्ध, मधुमेही व प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण या बाबतीत विशेष फसवे असतात. रॉबर्ट ट्रोब्रिज व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उपलब्ध संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला. श्वेत कोशिकांच्या वाढीचे संभाव्यता-गुणोत्तर केवळ १·५ आणि मर्फी यांच्या खुणेचे २·८ भरले. कोणतेही एकच लक्षण, खूण वा रक्तपरीक्षा हे निदान निश्चित करण्यास किंवा फेटाळण्यास पुरेशी नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. रक्त प्राकृत आहे एवढ्याच आधारावर अशा रुग्णास घरी पाठविणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

टोकिओ निकष : १९७० नंतर श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने खडे, जाड झालेली भित्ती व भोवतालचा द्रव दिसू लागल्याने निदानाचा मुख्य भार प्रतिमादर्शनाकडे गेला. टोकिओ येथे २००६ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतील विचारविनिमयानंतर २००७ मध्ये मार्गदर्शक निकष प्रसिद्ध झाले आणि २०१३ व २०१८ मध्ये त्यांची सुधारणा झाली. त्यांनुसार पित्ताशयापाशी दाहाची स्थानिक खूण आणि ताप, श्वेत कोशिकांची वाढ किंवा वाढलेले सी-विक्रियाशील प्रथिन यांपैकी एक सार्वदेहिक खूण असल्यास निदानाचा संशय धरावा व प्रतिमेने ते निश्चित करावे.

रोगाची तीव्रता ठरविण्यात मात्र रक्तपरीक्षेचे स्थान वाढले. श्वेत कोशिका दर घ. मिमी. मध्ये १८,००० हून अधिक असणे हे मध्यम तीव्रतेच्या खुणांपैकी एक आहे. क्रिॲटिनीन दर १०० मिलि. मध्ये २ मिग्रॅ. हून अधिक, बिंबाणू दर घ. मिमी. मध्ये १,००,००० हून कमी किंवा प्रोथ्राँबिन कालाचे आंतरराष्ट्रीय गुणोत्तर १·५ हून अधिक असल्यास अनुक्रमे वृक्क, रक्त व यकृत यांचे कार्य बिघडल्याचे समजून रोग अतितीव्र मानतात. अशा रुग्णात प्रथम इंद्रियांच्या कार्याला आधार द्यावा लागतो. प्रकृती शस्त्रक्रिया सोसण्याजोगी नसल्यास त्वचेतून नळी घालून पित्ताशयातील द्रव काढून घेतात.

अशा रीतीने रोग ओळखण्यासाठी सुरू झालेली रक्तपरीक्षा आता मुख्यत्वे रोग्याची अवस्था जोखण्यासाठी वापरली जाते. रोगेतिहास, हाताची तपासणी व प्रतिमा यांच्या जोडीनेच तिचा अर्थ लावावा लागतो, आणि संशय कायम असल्यास काही तासांनी तपासणी पुन्हा करणे इष्ट असते.