मानेतली जादा बरगडी

ऑक्टोबर १९४५ मध्ये डहाणू आणि तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या वारल्यांनी जमीनदारांचं गवत कापणं थांबवलं. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेची मागणी होती पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये. लढा मजुरीचा होता. भारा वाहणाऱ्या मानेचं आणि हाताचं काय होतं, हा हिशेब कुणी मांडला नव्हता.

काही माणसांना मानेच्या सातव्या मणक्यातून जन्मतःच एक जादा बरगडी फुटते, शेदोनशेत एखाद्याला. बहुतेकांना ती आयुष्यभर कळतही नाही. पण किशोरवयात खांदे रुंदावून खाली उतरतात, त्यात ओझ्याची भर पडते, आणि हाताकडे जाणारी सगळ्यात खालची नस त्या हाडावर किंवा त्याच्या टोकाच्या चिवट पट्ट्यावर ताणली जाते. करंगळीला मुंग्या येतात. मग अंगठ्याखालचा उंचवटा सपाट होऊ लागतो.

लंडनमध्ये कूट या सर्जनने १८६१ साली हे हाड काढलं. तेव्हा क्ष-किरण नव्हते आणि लिस्टरची जंतुनाशक पद्धतही आली नव्हती, धाडसच म्हणायचं. १८९५ नंतर फोटोत बरगड्या दिसू लागल्या आणि शस्त्रक्रियांना जोर चढला. १९२७ मध्ये अमेरिकेत अ‍ॅडसनने बरगडी तशीच ठेवून नुसता मानेचा स्नायू कापला. १९६६ मध्ये रूसने काखेतून शिरून छातीची पहिली बरगडी काढली. नस एकच, पण गुन्हेगार दर पिढीत वेगळा! १९७० मध्ये गिलियटने दाखवलं, की पंजा वाळलेल्या रुग्णांत नस बहुधा त्या पट्ट्यावर ताणलेली असते, आणि साध्या एक्स-रेत पट्टा दिसत नाही. तो कापल्यावर दुखणं थांबतं. वाळलेला स्नायू मात्र क्वचितच भरून येतो. म्हणून पोरवयातच निदान हवं.

डहाणू आज ज्यात येतं, त्या पालघरच्या आदिवासी पट्ट्यात वाळलेला पंजा दिसला की पहिला संशय कुष्ठरोगाचा येतो. तो गैर नाही. शोधमोहिमांत तिथे आजही रुग्ण सापडतात. कुष्ठरोगात कोपरामागची नस बोटांना जाड लागते, आणि करंगळीकडची बधिरता सहसा मनगटाच्या आसपास थांबते. जादा बरगडीत ती कोपराच्या दिशेने, हाताच्या आतल्या बाजूने वर चढते. एवढं तपासायला टाचणी पुरते. मानेचा एक्स-रे त्यानंतर.