केला नसता की केला नसेल?

‘आनंदीबाईंनी ध चा मा केला नसता तर पेशवाई टिकली असती का?’ हा प्रश्न आमच्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर अधूनमधून निघतोच. नाशिककरांना त्याचं जरा जास्तच अप्रूप, कारण आनंदवल्ली आपल्याच गावात. राघोबादादा-आनंदीबाईंचा तिथे मुक्काम असे आणि गावाचं नावही बाईंवरूनच पडलं. पण दर वेळी गप्पांचं भांडण होतं. एक जण इंग्रजांबद्दल बोलत असतो, दुसरा बाईंच्या स्वभावाबद्दल, तिसरा थेट पानिपतावर पोचलेला असतो. मला विचाराल तर खोट प्रश्नातच आहे.

म्हणजे बघा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. वय अवघं १८. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी धरलं. इथवर इतिहास. ‘धरावे’ या शब्दातल्या ध चा बाईंनी मा केला ही मात्र लोकांच्या तोंडची गोष्ट. तो खाडाखोडीचा कागद काही कोणी पुढे आणलेला नाही.

आता तो ‘नसता’ पाहा. ‘केला नसता तर’ असं म्हटलं की ‘केला’ हे आपण न बोलता कबूल केलेलं असतं. मग ज्याला बाई निर्दोष वाटतात त्यानं उत्तर द्यायचं तरी कसं? ‘केला नसेल तर?’ असं विचारा, प्रश्नच बदलतो. तो पुराव्याचा होतो, त्यासाठी दफ्तरं उघडावी लागतात. आपण मात्र अडीचशे वर्षं ‘नसता’ म्हणत आलो आणि एका बाईवरचा आरोप शाबीत न होताच पुढच्या पिढीच्या हाती देत आलो. (नाटक-सिनेमावाल्यांचं तर आयतंच फावलं.)

दुसरा घोळ असा, की ‘नसता’ म्हणजे नक्की काय बदललं? नारायणराव कैदेत पडले, की कटच शिजला नाही? जयंत नारळीकरांच्या गंगाधरपंतांच्या पानिपताच्या गोष्टीत विश्वासरावांना लागणारी गोळी चुकते, बाकी सगळं तिथून घडत जातं. बदल एकच, आणि कुठे ते स्पष्ट. जर-तर विचारायचंच तर असं.

म्हणून मी प्रश्न असा मांडतो: ‘त्या दिवशी गारद्यांनी नारायणरावांना न मारता फक्त कैद केलं असतं, तर मुंबईकर इंग्रजांना साष्टीत पाय रोवायची संधी मिळाली असती का?’ यात बाईंचं नावही नाही, आणि आता बोलता येतं. खून नसता तर नाना फडणीस, सखारामबापू वगैरे बारभाई दादांविरुद्ध इतक्या त्वेषानं एकत्र आले असते का, शंका आहे. मग दादा इंग्रजांच्या दारी गेले नसते आणि ६ मार्च १७७५ चा सुरतेचा तहही झाला नसता, असं वाटतं खरं. पण ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी त्याआधीच, डिसेंबर १७७४ मध्ये घेतला होता. दादांशी बोलणी चालू होती, पण सही व्हायची वाट कोणी पाहिली नाही. मराठ्यांनी जिंकलेली साष्टी परत घ्यायला पोर्तुगीज आरमार येतंय, ही धास्ती त्यांना पुरेशी होती. आणि ती धास्ती शनिवारवाड्यात कोण जगलं-वाचलं यावर अवलंबून नव्हती.