भौगोलिक कारणे द्या

गेलं वर्षभर आमचं जेवणाचं टेबल भूगोलाने व्यापलं होतं. लेक नववीत गेली आणि हायस्कूलच्या पहिल्याच वर्षी तिने एपी ह्यूमन जिऑग्रफी घेतलं. तिकडच्या मंडळींसाठी सांगते, एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचा विषय शाळेतच शिकायचा. मे महिन्यात देशभर एकच परीक्षा, १ ते ५ मध्ये गुण, आणि बरे गुण पडले तर पुष्कळ कॉलेजं त्याचं क्रेडिट देतात. एका तासात साठ प्रश्न आणि मग सव्वा तासात तीन लांबलचक उत्तरं. चौदा वर्षांच्या पोरांना हे झेपतं का, असा प्रश्न मला पडला होता. पण एपीचे जे बरेच विषय आहेत त्यात नववीतली मुलं सगळ्यात जास्त सापडतात ती याच विषयात, असं कळल्यावर गप्प बसले.

आमच्या पिढीचा भूगोल म्हणजे 'भौगोलिक कारणे द्या'. आठवतंय ना? मुंबईत कापडगिरण्यांची वाढ झाली. का? तर मुंबईची हवा दमट असल्यामुळे सूत तुटत नाही. दोन मार्क. हे उत्तर मी इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही सांगेन. गंमत म्हणजे मी ते लिहीत होते लालबागच्या चाळीत बसून, आणि माझे वडील समोरच्याच गिरणीत पाळी करून आलेले असायचे. ते रत्नागिरीहून का आले, गिरण्यांना पैसा कुणी पुरवला, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाच्या भावाने मुंबईत काय उलथापालथ केली, यातलं काहीच त्या दोन मार्कांत नव्हतं. १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवला पहिली गिरणी काढायचं ठरवलं, ते काही हवेतला दमटपणा मोजून नव्हे. दमट हवा तर कोकणातही होती की!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे लेकीच्या पुस्तकातला पहिलाच धडा. त्यात एक शब्द येतो, पर्यावरणीय निश्चयवाद. म्हणजे हवापाणी, डोंगर-नद्या माणसाचं सगळं ठरवतात हे मत. पुस्तक ते एका परिच्छेदात सांगतं आणि 'आता हे कुणी मानत नाही' म्हणून पुढे जातं. पण हे मत एके काळी किती मानाचं होतं! येल विद्यापीठातल्या एल्सवर्थ हंटिंग्टनने १९१५ मध्ये 'सिव्हिलायझेशन अँड क्लायमेट' हे पुस्तक काढलं. कुठल्या प्रदेशात संस्कृती किती वरची, यावर त्याने जाणकारांना पत्रं पाठवून गुण मागवले, त्यांचा नकाशा केला आणि तो हवामानाच्या नकाशाशी ताडून पाहिला. दोन्ही जुळले. का नाही जुळणार? गुण देणारे बहुतेक त्याच थंड हवेतले. आपण उष्ण कटिबंधातले लोक अर्थातच खालच्या रांगेत.

असल्या गोष्टींनी विषयाची पत गेलीच. बाकीही भांडणं होती, पण हार्वर्डने १९४८ मध्ये भूगोल शिकवणं चक्क गुंडाळायला घेतलं. शाळांमधून तो 'सोशल स्टडीज'च्या पोटात विरघळला. मग १९८८ च्या गॅलपच्या पाहणीत अमेरिकेतली तरुण मंडळी जगाच्या नकाशात कच्ची निघाली, नॅशनल जिऑग्राफिकने शिक्षकांसाठी चळवळ उभारली, आणि २००१ साली ही एपी परीक्षा पहिल्यांदा झाली. तेव्हा बसले होते तीनेक हजार विद्यार्थी. आता दोन लाखांच्या वर बसतात.

तर असा हा परत आलेला भूगोल. यात पाठांतर आहे ते नद्यांचं नव्हे, मॉडेलांचं. मुलांच्या भाषेत 'थ्यूनेन, बर्जेस, हॉइट, ख्रिस्तालर, रोस्टो' ही मंत्रपुष्पांजलीच. आणि मी बाजूला भाजी निवडत ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक मॉडेल असं सांगितलं जातं की जणू न्यूटनचा नियम. गाव नाही, साल नाही, माणूस नाही. मग आम्ही दोघींनी एक उद्योग सुरू केला. प्रत्येक चौकटीशेजारी पेन्सिलीने लिहायचं, कुठे, कधी, कोण.

थ्यूनेनपासून सुरुवात केली. हा उत्तर जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गचा जमीनदार. १८१० मध्ये टेलोची शेती घेतली आणि वर्षानुवर्षं पै-पैचा हिशेब ठेवला. घोडागाडीने धान्य शहरात न्यायला काय पडतं, सरपणाला काय पडतं. त्यावरून १८२६ मध्ये त्याने मधोमध एक शहर आणि भोवती वर्तुळं असा विचार मांडला. आत दूध आणि भाजीपाला, मग जंगल, मग धान्य, सगळ्यात बाहेर गुरं. लेक म्हणाली, जंगल इतकं जवळ कशाला? अगं, गॅस होता का तेव्हा! लाकूड जड आणि रोज लागणारं. हिशेब कळला की वर्तुळ आपोआप कळतं. (त्याच्या थडग्यावर म्हणे त्याचं मजुरीचं सूत्र कोरलंय, वर्गमूळ वगैरे सकट. असा हिशेबी माणूस!)

मग आई म्हणाली, "आमच्याकडे तर तबेले शहरातच होते." आई सध्या आमच्याकडे न्यू जर्सीत आहे, आणि या अभ्यासात तिचा सहभाग माझ्यापेक्षा जास्त होता. खरंच आहे तिचं. मुंबईचं दूध मुंबईतल्याच गोठ्यांतून यायचं. थ्यूनेन खूश झाला असता. पुढे १९४९ मध्ये म्हशींना शहराबाहेर न्यायला आरे कॉलनी झाली. पण त्याच्याही आधी, १९४५ मध्ये सरकारने मुंबई दूध योजना काढली आणि दूध आणलं कुठून? तर आणंदहून, सव्वाचारशे किलोमीटरवरून. पाश्चरायझेशन आणि रेल्वे यांनी ते आतलं वर्तुळ पार गुजरातेत नेऊन ठेवलं. त्या दुधाच्या कंत्राटात आपल्याला भाव मिळत नाही म्हणून खेड्याचे शेतकरी उठले आणि १९४६ मध्ये त्यांचा सहकारी संघ झाला, म्हणजेच आपलं अमूल. अंतर तेच होतं. ते कुणासाठी आणि कुणी कमी केलं, ही गोष्ट वेगळी.

स्थलांतराच्या धड्यात तर घरात हशाच पिकला. रेव्हनस्टाइनने १८८५ मध्ये ब्रिटनच्या १८८१ च्या जनगणनेवरून नियम काढले. बहुतेक माणसं जवळच जातात, प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो, आणि कमी अंतरावर बायका पुरुषांपेक्षा जास्त स्थलांतर करतात. लेकीने हे वाचून दाखवलं तर आई म्हणाली, "सासरी जाण्याला स्थलांतर म्हणतात होय? मग आम्ही सगळ्याच त्यातल्या." आणि खरोखरच भारताच्या २०११ च्या जनगणनेत स्थलांतर केलेल्या बायकांनी दिलेलं सगळ्यात मोठं कारण लग्न हेच आहे. रेव्हनस्टाइनच्या बायका निघाल्या होत्या घरकामाला आणि कारखान्यांत. नियम तोच दिसतो, आतलं कारण पार निराळं. आणि आमच्या कोकणात तर उलटं. पुरुष मुंबईला, बायका गावात शेती आणि म्हातारी माणसं सांभाळत मनीऑर्डरची वाट बघत. आई मुंबईला येऊ शकली ती नशिबाने, चाळीत खोली मिळाली म्हणून.

माझं स्वतःचं स्थलांतर एव्हरेट लीच्या १९६६ च्या आकृतीत बसतं. दोन गोल, मध्ये अडथळे. लेकीने अडथळ्यांत लिहिलं, समुद्र आणि विमानाचं भाडं. मी म्हटलं, आधी कायदा लिही. १९१७ च्या कायद्याने भारतीयांना दार बंद होतं. १९४६ मध्ये किलकिलं झालं ते वर्षाला शंभर माणसांपुरतं. १९६५ चा कायदा झाला नसता तर आम्ही कितीही 'पुश' आणि 'पुल' झालो असतो तरी हे टेबल लालबागलाच असतं.

आणि मग शहरांचा धडा आला. इथे आम्ही तीन रविवार अडकलो.

बर्जेसचं मॉडेल म्हणजे १९२५ चं शिकागो. मध्ये व्यापारपेठ, भोवती बदलता पट्टा, मग कामगारांची घरं, मग बरी वस्ती, मग बाहेरून ये-जा करणारे. लेकीच्या पुस्तकात पाच कोरी, रंगीत वर्तुळं आहेत. मूळ आकृती शोधून काढली तर ती कोरी नाहीच. त्यात लिटल सिसिली आहे, घेट्टो आहे, चायनाटाउन आहे, आणि 'ब्लॅक बेल्ट' नावाचा एक उभा पट्टा आहे जो वर्तुळं छेदत सरळ दक्षिणेला जातो. लेकीने बोट ठेवून विचारलं, "सगळे वर्तुळात राहतात, मग हेच का पट्टीत?"

पुस्तकाचं उत्तर आहे 'आक्रमण आणि अनुक्रमण'. हे शब्द वनस्पतिशास्त्रातून उचललेले. एका जातीचं गवत हटतं, दुसरं येतं, तशी माणसं. पण शिकागोत गवत नव्हतं. तिथे घरांच्या खरेदीखतांत कलमं होती की हे घर काळ्या माणसाला विकायचं नाही. अशी कलमं कोर्टातून बजावता येणार नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं १९४८ मध्ये. म्हणजे बर्जेसने काढलेली ती पट्टी उगवलेली नव्हती, आखलेली होती.

पुढचा होमर हॉइट. त्याचं १९३९ चं पाचरींचं मॉडेल परीक्षेला हमखास. हॉइटने १९३३ मध्ये शिकागोच्या शंभर वर्षांच्या जमिनीच्या भावांवर पुस्तक लिहिलं. त्यात एक यादी आहे. कुठल्या वंशाची माणसं राहायला आली की भाव कसा राहतो, त्या क्रमाने. वर इंग्लिश, जर्मन, स्कॉच वगैरे. खाली काळे आणि सगळ्यात शेवटी मेक्सिकन. एका इस्टेट दलालाच्या सांगण्यावरून! पुढच्याच वर्षी हा माणूस सरकारच्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये अर्थतज्ज्ञ म्हणून गेला. कुठल्या वस्तीतल्या घरकर्जाला सरकारने हमी द्यायची याचे निकष तिथे ठरत. काळ्यांच्या वस्त्यांना ती हमी जवळजवळ मिळतच नसे. आणि ते पाचरींचं मॉडेल छापलं कुणी? त्याच खात्याने.

त्याच दशकात दुसऱ्या एका सरकारी संस्थेने शहरांचे रंगीत नकाशे केले. हिरवा, निळा, पिवळा, लाल. रिचमंड विद्यापीठाने ते आता सगळ्यांसाठी खुले केलेत. आम्ही आमच्या शेजारचं नेवार्क उघडलं. शहराचा मोठा भाग पिवळा आणि लाल. गेली कित्येक वर्षं त्या भागातून जाताना आपल्याकडचे लोक गाडीची दारं लॉक करतात आणि 'एरिया चांगला नाही' म्हणतात. लेकीनेही ते वाक्य गाडीत मागे बसून शंभरदा ऐकलेलं. ती नकाशाकडे बघत बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आधी लाल रंगवला आणि मग तो तसा झाला?" मी म्हटलं, पूर्ण तसं नाही, काही वस्त्या आधीच गरीब होत्या. पण गरीब वस्तीला कर्जच मिळू द्यायचं नाही, असं कागदावर ठरवलं की ती वर कशी येणार?

तिने हे वर्गात विचारलं. तिच्या शिक्षकांचं कौतुक वाटतं. अभ्यासक्रम मागे पडत असताना त्यांनी अख्खा तास यावर दिला. रेडलाइनिंग हा शब्द अभ्यासक्रमात आहेच. फक्त तो एका पानावर आणि हॉइट दुसऱ्या पानावर, एवढंच.

ख्रिस्तालरच्या षटकोनांशेजारी काय लिहिलंय ते थोडक्यात सांगते. दक्षिण जर्मनी, १९३३. आणि खाली, १९४० मध्ये नाझी पक्षात, हिमलरच्या खात्यात पोलंडच्या बळकावलेल्या मुलखात जर्मन वसाहतींची आखणी. रोस्टोच्या विकासाच्या पायऱ्यांशेजारी, १९६०, आणि पुस्तकाचं उपशीर्षक 'बिगर-कम्युनिस्ट जाहीरनामा'. पायऱ्यांपेक्षा ते उपशीर्षकच जास्त सांगून जातं, असं माझं मत.

यामुळे मॉडेलं निकामी होतात का? मला नाही वाटत. थ्यूनेनमुळेच तर आणंदचं दूध केवढी उडी होती ते कळलं. पण उत्तरपत्रिकेत 'पाचर' लिहून मिळणारा मार्क आणि ती पाचर कुणी कापली हे माहीत असणं, यात फरक आहे. गिरणगावच्याच बाबतीत बघा ना. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, आणि शहराच्या मधोमध ती जमीन मोकळी झाली. १९९१ च्या नियमात तिचे तीन वाटे करायचे होते. मोकळी जागा, स्वस्त घरं आणि मालक. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणी फक्त रिकाम्या जागेची, इमारतीखालची जमीन त्यातून सुटली. आज तिथे टॉवर उभे आहेत. उद्या कुणीतरी त्यालाही 'अनुक्रमण' म्हणेल आणि नववीतली पोरं पाठ करतील.

परीक्षा झाली, गुण आले, बरे आले. लॅटिन अमेरिकेच्या, आफ्रिकेच्या, आग्नेय आशियाच्या शहरांची मॉडेलं अभ्यासक्रमात आहेत. भारतातल्या शहराचं नाही. म्हणून सुट्टीत लेकीने आजीला लालबाग काढायला बसवलं. मधोमध काय, असं विचारल्यावर आईने क्षणाचाही विचार न करता गिरणीचं गेट काढलं. आणि हद्द कुठपर्यंत?

"भोंगा ऐकू येईल तिथपर्यंत आपलं."

मग दोघी मार्केट गेटच्या डावीकडे की उजवीकडे यावरून भांडल्या. मला विचारू नका, मलाही नक्की आठवत नाहीये. लालबागची मंडळी, तुम्हीच सांगा.